जाऊबाईंना सांगून जा

या वेळचं पत्र औसा तालुक्यातल्या एका गावातून आलं आहे. नाव छापू नये, असं लिहिलंय. थोडं आटोपशीर करून देते.

"ताई, येत्या जानेवारीत आमच्या लग्नाला तीस वर्षं होतात. मुलगा हैदराबादला नोकरीला आहे. त्यानं आम्हा दोघांसाठी अंदमानची तिकिटं काढली. हे कळल्यावर दीर-जाऊ निघाले, मग नणंद आणि तिचे मालक, मग मुलगा-सून आणि नात. आता आम्ही नऊ जण आहोत. सहा दिवसांत काय काय बघायचं त्याची यादी सूनबाईनं दाखवली, त्यात टेकायलाही वेळ नाही. तिच्याच मोबाइलवर मी एक फोटो पाहिला. छोटासा किनारा, पांढरी वाळू, पाण्यावर वाकलेलं एक झाड आणि माणूस एकही नाही. तेव्हापासून वाटतंय, अशा जागी आम्ही दोघांनीच अर्धा दिवस बसावं. आमचं लग्न झालं तेव्हा किल्लारीच्या भूकंपाला सव्वादोन वर्षं झाली होती. सासरचं घर पडलेलं. पत्र्याच्या शेडात संसार मांडला, मध्ये लुगड्याचा पडदा, पलीकडं सासू-सासरे आणि दीर. पुढं पक्कं घर मिळालं, माणसंही वाढली. माझी तक्रार नाही. पण आम्ही दोघंच होतो असा एक दिवस आठवत नाही. मालकांना विचारलं तर म्हणाले, तिथं जाऊन करायचं काय? आणि तिथं त्सुनामी आली होती, समुद्राकाठी एकटं बसायचं नसतं. मी ठरवलंय, एका दिवशी गुडघा दुखतो म्हणून मागं राहायचं, मालकांनाही थांबवून घ्यायचं आणि सगळे गेले की रिक्षा करून जायचं. आम्हाला दोघांनाही पोहता येत नाही. या वयात हे शोभतं का? आणि जायचं तर कसं? नातीसाठी तिथले शंख आणावेत का?"

ताई,

शोभतं. या एका शब्दासाठी तुम्ही दोन पानं लिहिलीत, म्हणून तो आधी सांगून टाकते. बाकीचं सावकाश बोलू.

भूकंपानंतरच्या त्या शेडांमध्ये मी जाऊन आलेली आहे. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की दुपारी बायका लेकरांना घेऊन झाडाखाली जाऊन बसायच्या. रात्री एका शेडातला खोकला शेजारच्या चार शेडांना ऐकू यायचा. नव्यानं लग्न होऊन आलेल्या मुलींनी तिथं दिवस कसे काढले हे कुणी विचारलं नाही, आणि विचारायची ती वेळही नव्हती. ज्या घरातली माणसं गेलेली असतात तिथं उरलेली माणसं एकमेकांना घट्ट धरून राहतात. रात्री कुणी उठून बाहेर गेलं तर ते परत येईपर्यंत दुसरं जागं राहायचं. तुमच्या घराला एकत्र राहायची सवय तिथं लागली आणि ती मायेची सवय आहे. त्यामुळंच "आम्ही दोघंच" हे शब्द उच्चारताना तुम्हाला चोरी केल्यासारखं वाटतं. पण तीस वर्षांत एक सकाळ मागितली म्हणून त्या मायेला तडा जात नाही. मागा.

गुडघ्याचं कारण सांगून मागं राहायचा बेत मात्र सोडून द्या. खोटं बोलू नये हे तर आहेच, पण माझा जीव अडकलाय तो दुसऱ्या कारणात. जिथं माणूस नाही अशा किनाऱ्यावर जाणाऱ्याला एकच आधार असतो: तो कुठं गेलाय आणि किती वाजता परत येणार हे माहीत असलेलं कुणीतरी मागं असणं. तुम्ही खोलीत गुडघा शेकत पडला आहात असं सात जणांना वाटत असेल, तर अंधार पडेपर्यंत तुम्हाला शोधायला कुणीही बाहेर पडणार नाही.

हे मी भोगलेलं आहे. बारा वर्षांपूर्वी आम्ही अंदमानला गेलो होतो, बरोबर आमच्या ह्यांच्या ऑफिसातली चार कुटुंबं. नील बेटावर मुक्काम होता. दुपारी सगळे जेवून आडवे झालेले पाहून आम्ही दोघं कुणाला न सांगता निघालो. ओहोटी होती. पाणी लांब गेलेलं आणि किनाऱ्याला लागून खडकांचं सपाट पठार उघडं पडलेलं. खळग्या-खळग्यांत पाणी साचलेलं, त्यात बोटाएवढे निळे मासे. बघत बघत आम्ही खडकाच्या एका नाकाडाला वळसा घालून पलीकडं गेलो. तिथं खोलीएवढी वाळू, मागं उभा कडा. मला वाटलं, जगात याहून चांगली जागा नसेल. तासभर समोरच्या पाण्याकडं बघत बसलो, आणि भरती आमच्या पाठीमागून आली.

आपल्याकडच्या माणसाला चढतं पाणी कळतं ते आवाजावरून. नदीला पूर येतो तेव्हा आधी घोंघावतो, गढूळ होतो, काटक्या-पाचोळा घेऊन येतो. भरतीला असं काही नसतं. एक खळगा भरतो, मग त्याच्या शेजारचा, मग दोन्ही एक होतात. पाणी तसंच नितळ राहतं. मी खडकावर काढून ठेवलेली चप्पल माझ्या समोरून तरंगत गेली तेव्हा मला कळलं. वळसा घालून परत निघालो तर पाणी मांडीपर्यंत, चार पावलं पुढं कमरेपर्यंत. साडी पायांना अशी गुंडाळली की पाऊल उचलेना. ह्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की दुसऱ्या दिवशी बोटांचे वळ दिसत होते. मोबाइलला रेंज नव्हती. जाळं टाकायला आलेल्या दोन पोरांनी आम्हाला पाहिलं, बंगालीत ओरडत आले आणि हाताला धरून काढलं. तळपाय सोलून निघाले होते. परत आलो तर आमची सगळी मंडळी चहा घेत बसली होती. आम्ही नाही आहोत हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. तो चहा आठवला की आजही अंगावर काटा येतो.

तेव्हा जाऊबाईंना सांगून जा. मुलाकरवी नाही, सुनेकरवी नाही, तुम्ही स्वतः, आणि निघायच्या आधी इथं गावातच. दोघी धपाटे थापत असाल तेव्हा सांगा: "तिथं एक सकाळ आम्हा दोघांनाच बसायचंय. पहाटे जाऊ, साडेनऊला परत येऊ. दहापर्यंत आलो नाही तर पोराला उठव आणि या या किनाऱ्यावर पाठव." तुमच्या पत्रात जाऊबाईंविषयी एकही कडू शब्द नाही. मला वाटतं त्या हसतील, दोन दिवस चिडवतील आणि त्या सकाळी घड्याळावर नजर ठेवून बसतील. कदाचित त्यांच्याही मनात असंच काही असेल आणि त्यांनाही मागायला लाज वाटत असेल. मग दुसऱ्या दिवशीची सकाळ त्यांची. तुम्ही मागं राहा, तुम्ही घड्याळ बघा. नणंदबाई काय म्हणायचं ते म्हणतील, त्यावर मी शब्द खर्च करत नाही.

आता दाजींचा प्रश्न. "तिथं जाऊन करायचं काय?" शेतकरी माणसाचा खरा प्रश्न आहे हा, त्याला उडवून लावू नका. पण त्यांना आठवण करून द्या, दिवस मावळताना बांधावर ते अर्धा अर्धा तास बसतात तेव्हा काय करतात? तूर फुलावर आलेली असते, वारं सुटलेलं असतं, माणूस बघत बसतो. हेही तसंच, फक्त बांध वेगळा. आणि हेही सांगा की मे महिना सरत आला की रेडिओवर, टीव्हीवर ज्या जागेचं नाव ते कान टवकारून ऐकतात ती हीच. "मान्सून अंदमानात दाखल." साधारण २०-२२ मेच्या सुमारास ही बातमी येते आणि मराठवाड्यात पाऊस पोचायला जूनचा दुसरा आठवडा उजाडतो. त्या बातमीवर त्यांनी किती वर्षं बियाण्यांची जुळवाजुळव केली असेल! ते पाणी एकदा डोळ्यांनी बघायला काय हरकत आहे?

त्सुनामीच्या भीतीचं उत्तर थट्टेवारी देऊ नका. ज्यांनी ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट पाहिली आहे, त्यांची भीती खरी असते. गणपती बोळवून लोक झोपले होते आणि ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. तीव्रता ६.२ होती, पण माणसं मेली ती दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाच्या ओझ्याखाली. तेव्हापासून आपल्या भागात लहान लेकरालाही ठाऊक आहे की हादरा बसला की मोकळ्या जागी पळायचं. समुद्राकाठी मात्र तेवढ्यानं भागत नाही, हे दाजींना नीट समजावून सांगा. वाळूवर अंगावर पडायला काही नसतं, पण मोठा किंवा बराच वेळ चाललेला हादरा जाणवला तर मोकळ्यावर थांबायचं नाही, चढाकडं निघायचं. पाणी अचानक भलतंच लांब ओसरलं, तळ उघडा पडला, तरी तेच. समुद्राकडून मोठा आवाज आला तरी तेच. भोंग्याची, फोनची वाट बघायची नाही. वर गेल्यावर पहिली लाट येऊन गेली म्हणून सामान आणायला खाली उतरायचं नाही, कारण त्सुनामीच्या लाटा एकामागून एक येतात आणि पहिलीच मोठी असते असं नाही.

२६ डिसेंबर २००४ ला सुमात्राजवळ समुद्राच्या तळाशी ९.१ तीव्रतेचा भूकंप झाला होता, आणि तेव्हा आपल्याकडं इशारा द्यायची सोय नव्हती. २००७ पासून ती आहे आणि ते केंद्र तुमच्या मुलाच्या हैदराबादेतच आहे, भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्रात. तिथं रात्रंदिवस माणसं बसलेली असतात. किनाऱ्यावर पोचलात की पहिल्यांदा मागं वळून बघा, वर जायची वाट कुठली ती ठरवा आणि मग समुद्राकडं तोंड करून निवांत बसा. दाजींना वाट ठाऊक असली की त्यांचा अर्धा घोर तिथंच मिटेल.

भरती-ओहोटीचं गणित तुम्हाला आम्हा शहरवाल्यांपेक्षा लवकर कळेल, कारण तुम्ही तिथीवर जगता. भरती दिवसातून दोनदा, ओहोटीही दोनदा, मध्ये सव्वासहा तासांचं अंतर धरा. रोज ती वेळ पन्नासेक मिनिटांनी पुढं सरकते. आज सकाळी सातला ओहोटी पुरी झाली असेल तर उद्या आठच्या आत-बाहेर. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. अष्टमीच्या सुमाराला भांगाचं पाणी, ते बेताचं. कोकणातले लोक तिथीला पाऊणनं गुणून भरतीची वेळ काढतात, चतुर्थीला तीन वाजता, असं. ते गणित अंदमानात घेऊन जाऊ नका, किनारा बदलला की वेळ बदलते. मुक्कामाच्या ठिकाणी आदल्या रात्री विचारा, शिवाय रिक्षावाल्याला किंवा होडीवाल्यालाही विचारा. दोन उत्तरं जुळली की निघा. पाणी उतरायला लागलेलं असताना पोचायचं आणि ते परत चढायच्या आत उठायचं. त्या दिवशी पहाटे पाणी चढतं असेल तर ते उतरायला लागेपर्यंत थांबा आणि जाऊबाईंना नवी वेळ सांगा. यासाठीच सूनबाईला सांगा, यादीतलं एखादं ठिकाण गाळ आणि नीलवर एकाऐवजी दोन रात्री ठेव.

हो, मी तुम्हाला नीललाच पाठवते आहे, जिथं आमची फजिती झाली तिथंच. त्याचं सरकारी नाव आता शहीद द्वीप. नेताजी सुभाषबाबूंनी ३० डिसेंबर १९४३ ला पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला तेव्हा त्यांच्या मनात शहीद आणि स्वराज ही नावं होती. त्याच तारखेला २०१८ मध्ये नीलचं शहीद द्वीप झालं आणि हॅवलॉकचं स्वराज द्वीप. पोर्ट ब्लेअरही २०२४ पासून श्री विजयपुरम आहे. तिकिटावर नवी नावं दिसली तर गोंधळू नका, बोलण्यात जुनीच चालतात.

नील हे एवढंसं बेट आहे. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला रिक्षानं बघता बघता पोचता. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून उठून आलेल्या लोकांना तिथं वसवलं. त्यांनी किनाऱ्यांना रामायणातली नावं दिली: भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर, सीतापूर. सगळं सोडून येऊन नव्या जागी गाव वसवणं काय असतं हे तुमच्या घराला वेगळं सांगायला नको. तिथले लोक शेती करतात, अंदमानातल्या बाजारात नीलची भाजी जाते. वाटेत केळी, सुपारी, भाताची खाचरं दिसतील. रिक्षा थांबवून दाजींना एखाद्या शेतकऱ्याशी हिंदीत बोलू द्या. त्यांची कळी तिथंच खुलेल, बघा.

सीतापूर पूर्वेच्या टोकाला आहे. सूर्य समुद्रातून वर येतो तो तिथं. दिवसभर प्रवाशांचा राबता असतो तो भरतपूर-लक्ष्मणपूरला. पहाटे सीतापूरला तुमच्यासारखे दोघं-चौघं असले तर असतील, पण वाळू सगळ्यांना पुरते. एकमेकांपासून लांब बसायचं.

इथं घड्याळाचा एक घोळ लक्षात ठेवा. अंदमान आपल्यापेक्षा खूप पूर्वेला आहे, पण घड्याळ तेच. त्यामुळं सूर्य आपल्याहून तासभर आधी चालतो. जानेवारीत आपल्याकडं सहा वाजून गेल्यावर दिवस मावळतो, तिथं सव्वापाचच्या सुमारास. "पाच वाजता निघू, तासभर बसू" म्हणालात तर अंधारात चाचपडाल. मी पहाटेचा आग्रह धरते तो याचसाठी: उजेड पुढं वाढत जाणार असतो, आणि काही चुकलंच तर हाताशी अख्खा दिवस असतो. सूर्योदय पावणेसहाच्या आसपास. रिक्षा आदल्या रात्रीच ठरवा, जायची आणि परत न्यायला यायची, आणि रिक्षावाल्याचा नंबर जाऊबाईंना द्या. रोख पैसे जवळ ठेवा, फोनच्या रेंजवर भरवसा ठेवू नका.

पाण्यात उतरायचं का? त्या किनाऱ्यावर नाही. घोट्यापर्यंत, फार तर पोटरीपर्यंत, तेही एकमेकांचा हात धरून. तुमच्या भागातली माणसं विहिरीत पोहायला शिकतात. विहिरीचं पाणी जिथल्या तिथं असतं, समुद्राचं पाणी माणसाला घेऊन निघतं. पट्टीचा पोहणाराही परत फिरणाऱ्या ओढीत सापडला तर किनाऱ्याकडं हात मारून दमतो. त्यातून सुटायचं तर किनाऱ्याला समांतर जाऊन ओढीच्या बाहेर पडावं लागतं. ते तुमचं काम नाही. डुंबायची हौस स्वराज द्वीपवर राधानगरला भागवा. तुमच्या यादीत तो किनारा असणारच. तिथं जीवरक्षक असतात, तळाशी वाळू आहे आणि नऊ जण एकत्र असाल. साडी नको. सूनबाईकडून एक सुती पंजाबी ड्रेस शिवून घ्या, ओढणीशिवायचा. लाज वाटली तर माझी साडी आठवा.

राधानगरच्या उजव्या हाताला, झाडीपलीकडं एक छोटी सुंदर खाडी आहे. फोटोत पाहून कुणी तुम्हाला तिकडं चला म्हणेल. २०१० साली तिथं पाण्यात उतरलेल्या एका परदेशी तरुणीला मगरीनं ओढून नेलं. अंदमानात खाऱ्या पाण्याच्या मगरी आहेत, खारफुटीच्या ओढ्यांत आणि खाड्यांच्या तोंडाशी त्यांचा वावर असतो. मगरीची पाटी दिसली की तिथलं पाणी आपलं नाही. ओढा समुद्राला मिळतो तिथं बसायचं नाही आणि पहाटे-संध्याकाळी तर तिकडं फिरकायचंही नाही. नारळाखालीही बसू नका, नारळ सांगून पडत नाही. बसायला वाकलेल्या मोठ्या झाडाची सावली उत्तम. हातपाय झाकलेले असू द्या. वाळूवर बारीक माश्या चावतात, तेव्हा कळत नाही पण रात्री खाज सुटते. पायांत रबरी तळाचे बूट. खडकावर अनवाणी चालू नका, धारदार प्रवाळ असतात आणि काटेरी समुद्री जीवही. प्रवाळावर पाय ठेवला तर त्यालाही इजा होते.

आणि आता नातीचे शंख. ताई, आणू नका. आधी कायदा सांगते. प्रवाळ, काही जातींचे शंख-शिंपले, हे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, १९७२ च्या. वाळूत पडलेला मेलेला प्रवाळाचा तुकडाही चालत नाही. विमानतळावर पिशव्या तपासतात आणि बायाबापड्यांना सगळ्यांदेखत पिशवी उलटी करावी लागते. पण मला तुम्हाला दुसरं काही दाखवायचंय. वाळूत पडलेला एखादा शंख निवडा आणि हात न लावता त्याच्याजवळ पाच मिनिटं गप्प बसा. तो चालायला लागेल. आत खेकडा असतो, त्याच्या मागच्या अंगावर टणक कवच नसतं, तो दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात बिऱ्हाड करतो. वाढला की तो शंख सोडतो आणि मोठा शोधतो. किनाऱ्यावरचे मोठे शंख लोकांनी पिशवीत भरून नेले तर तो जुन्या, तोकड्या घरात आवळून राहतो. तुम्ही पडद्याच्या घरात राहिलेल्या आहात, तुम्हाला आणखी काय सांगू.

सगळे मिळून किनाऱ्यावर जाल तेव्हा नातीला हा चालणारा शंख दाखवा. ओहोटीत ओल्या वाळूवर दाण्याएवढ्या गोळ्यांची नक्षी दिसेल, मध्ये एक छिद्र आणि भोवती गोळ्यांच्या रेघा, अगदी ठिपक्यांची रांगोळी. तीही एका इवल्याशा खेकड्याची करणी. तो वाळू तोंडात घेतो, त्यातलं खाण्याजोगं वेचतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागं टाकतो. पुढची भरती सगळं पुसते आणि ओहोटीला तो पुन्हा मांडतो. आणि ती पांढरी वाळू चिमटीत धरून बघा. आपली काळी माती काळा खडक झिजून झालेली, ही वाळू प्रवाळ आणि शिंपले झिजून झालेली. काही मासे तर प्रवाळ दातांनी कुरतडतात आणि त्यांच्या पोटातून तो वाळू होऊन बाहेर पडतो. दाजींना हे सांगा. जमिनीची गोष्ट आहे, त्यांना आवडेल.

बरोबर न्यायचं फार काही नाही. दोन लिटर पाणी, कारण तिथल्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि अंगातलं पाणी किती गेलं ते कळत नाही. साखरेच्या, बीपीच्या गोळ्या असतील तर त्या. बोटीत मळमळतं त्याची गोळी मुलाला डॉक्टरांना विचारून आणायला सांगा, ती बोटीत चढायच्या आधी घ्यायची असते. आणि धपाटे. प्रवासात तीन-चार दिवस टिकतील असे कडक भाजून घ्या, बरोबर शेंगदाण्याची चटणी. रिकामी पिशवी, कागद, बाटली सगळं परत आणा. मुक्कामावर आल्यावर अंगावरचं मीठ धुवायला एक बादली बास. बेटावर गोडं पाणी पावसाचंच असतं, आणि २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी लातूरकरांनी कसं पुरवून वापरलं ते तुम्ही जवळून पाहिलंय.

एक शेवटचं. तिथं बसल्यावर पहिला अर्धा तास अवघडल्यासारखं होईल. तीस वर्षं दोघांच्या बोलण्यात घर, लेकरं, पाऊस, पेरणी असते, आणि ते सगळं बाजूला ठेवल्यावर काय बोलायचं हे सुचणार नाही. दाजी दोनदा घड्याळ बघतील, एकदा "चला आता" म्हणतील. उठू नका. धपाट्याचा डबा उघडा. त्यांना शेडातली एखादी गोष्ट विचारा, जी तेव्हा पडद्यापलीकडं ऐकू जाईल म्हणून तुम्ही विचारली नव्हती.

आल्यावर पत्र लिहा. त्या सकाळी ओहोटी किती वाजता होती तेही लिहा, आणि जाऊबाई कोणत्या दिवशी गेल्या तेही.